चाललेले अंतर आणि मोजलेले अंतर : प्राणिसंग्रहालयातील हत्ती व जी. पी. एस. नोंदक

प्राणिसंग्रहालयातील हत्ती दिवसाकाठी किती चालतो, हा प्रश्न वरवर पाहता अगदी साधा वाटतो. हत्ती काही लपून बसणारा प्राणी नव्हे. त्याचे आवार चोहोंबाजूंनी बांधलेले असते, त्याच्या अंघोळीच्या व खाण्याच्या वेळा ठरलेल्या असतात, आणि दिवसभर रखवालदारांची व प्रेक्षकांची दृष्टी त्याच्यावर असते. असे असूनही या प्रश्नाला आकड्यांत उत्तर देण्याची वेळ आली, तेव्हा प्रत्येकाचे उत्तर निराळे निघाले. कोणी आवाराची लांबी व फेऱ्यांची संख्या यांवरून अंदाज बांधीत, कोणी दोनचार तासांच्या निरीक्षणावरून दिवसाचा हिशेब करीत. रात्रीचे काय, हे बहुधा कोणीच सांगत नसे.

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा राहिला नाही, याला कारण आहे. हत्तींना प्राणिसंग्रहालयांत ठेवावे की ठेवू नये, या वादात चालण्याच्या अंतराला पुराव्याचे स्थान प्राप्त झाले. अरण्यातील हत्ती अमुक मैल चालतो, संग्रहालयातील हत्तीला तेवढे चालता येत नाही, म्हणून त्याचे पाय व सांधे बिघडतात, असा युक्तिवाद एका बाजूने होत असे. खाणे व पाणी जागच्या जागी मिळत असेल तर चालण्याची गरजच काय, असा दुसऱ्या बाजूने. अमेरिकेतील डेट्रॉइटच्या प्राणिसंग्रहालयाने २००४ मध्ये आपल्या दोन वृद्ध हत्तिणी कॅलिफोर्नियातील एका आश्रयस्थानी पाठविण्याचा निर्णय जाहीर केला आणि २००५ मध्ये तो अमलात आणला. लांबलेल्या हिवाळ्यात बंदिस्त राहावे लागणे आणि सांध्यांचा विकार ही त्यामागची मुख्य कारणे होती. आपल्याकडे केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने नोव्हेंबर २००९ मध्ये हत्ती प्राणिसंग्रहालयांत ठेवू नयेत, त्यांना वनविभागाच्या हत्तीतळांवर किंवा तत्सम ठिकाणी हलवावे, असे ठरविले. मोकळेपणाने हिंडण्यास त्यांना जी जागा लागते ती संग्रहालयात मिळत नाही, हाच त्यामागील विचार होता. अशा निर्णयांना जेव्हा अंतराच्या आकड्याचा आधार घेतला जातो, तेव्हा तो आकडा कसा तयार होतो, हे पाहणे अगत्याचे ठरते.

भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाने या विषयात का शिरावे, अशी शंका काही वाचकांस येईल. तिचे एक उत्तर असे की, सलग घडणाऱ्या गोष्टीचे तुटक नमुने घ्यावयाचे आणि त्या नमुन्यांवरून मूळ गोष्ट पुन्हा उभी करावयाची, हा व्यवहार ध्वनिशास्त्राच्या प्रयोगशाळेत आपण नित्य करीत असतो. स्वराच्या चढउताराचा आलेख काढताना जे दोष शिरतात, त्यांचेच भाऊबंद हत्तीच्या वाटचालीच्या आलेखात आढळतात. दुसरे उत्तर अधिक निकटचे आहे. प्राण्यांच्या परस्परसंपर्काचा अभ्यास करणाऱ्याला केवळ आवाज मिळून भागत नाही. तो कोणी केला, त्या क्षणी इतर कोठे होते, आणि नंतर कोण कोणाकडे गेले, हेही कळावे लागते. ही माहिती आज ज्या साधनाने मिळते, ते साधन म्हणजे प्रस्तुत लेखाचा विषय असलेला नोंदक.

इंग्रजीत याला ‘लॉगर’ म्हणतात. या शब्दाचा इतिहास मोठा बोधक आहे. ‘लॉग’ म्हणजे लाकडाचा ओंडका. पूर्वी जहाजाचा वेग काढण्यासाठी दोराला बांधलेला लाकडाचा तुकडा पाण्यात टाकीत. दोराला ठरावीक अंतरावर गाठी मारलेल्या असत, आणि ठरावीक वेळात किती गाठी हातातून सुटल्या यावरून वेग काढीत. तो वेग ज्या वहीत टिपावयाचा ती ‘लॉगबुक’, आणि पुढे कोणतीही कालक्रमाने ठेवलेली नोंद म्हणजे ‘लॉग’. खलाशी वेग मोजून स्थान काढीत. आजचा नोंदक स्थान मोजतो आणि त्यावरून वेग व अंतर आपण काढतो. ही उलटापालट ध्यानात ठेवावी, कारण पुढील सर्व अडचणी तिच्यातून उद्भवल्या आहेत. नोंदक अंतर मोजीत नाही. तो फक्त ‘या वेळी मी येथे होतो’ एवढेच पुन्हा पुन्हा सांगतो.

स्थान कसे कळते, हे थोडक्यात सांगतो. पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून अमेरिकेचे जी. पी. एस. उपग्रह फिरत असतात. मूळ योजनेनुसार त्यांची संख्या २४ असून १९९५ मध्ये ही व्यवस्था पूर्णपणे कार्यान्वित झाली. प्रत्येक उपग्रहात अणुघड्याळ असते व तो आपले स्थान आणि वेळ सतत प्रक्षेपित करतो. हा संदेश पोहोचण्यास लागलेल्या वेळेला प्रकाशाच्या वेगाने गुणले की उपग्रहापासूनचे अंतर मिळते. तीन अंतरांवरून जागा ठरावी. परंतु नोंदकातले घड्याळ साधे असते आणि वेळेत एका सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूक झाली तरी अंतरात ३०० मीटरांचा फरक पडतो, म्हणून घड्याळाची चूक काढण्यासाठी चौथा उपग्रह लागतो. नागरी उपयोगाच्या संदेशात अमेरिकेने हेतुपुरस्सर ठेवलेली अशुद्धता मे २००० मध्ये काढून टाकण्यात आली. तोवर शंभर मीटरांच्या घरात असणारी त्रुटी त्यानंतर मोकळ्या मैदानात काही मीटरांवर आली. हत्तीच्या आवारात हे यंत्र नेण्यात अर्थ आहे असे वाटू लागले, ते यानंतरच. शंभर मीटरांची त्रुटी असती तर आवारातला हत्ती शेजारच्या उपाहारगृहात उभा असलेला दिसला असता.

आता अरण्य आणि संग्रहालय यांतील एक भेद पाहिला पाहिजे. महाराष्ट्रातील वाचकांना ‘वॉकर’ या नावाने प्रसिद्ध झालेला वाघ आठवत असेल. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेल्या या वाघाला २०१९ च्या फेब्रुवारीत गळपट्टा घालण्यात आला, आणि पुढे तो विदर्भ, मराठवाडा व तेलंगण यांमधून हिंडत बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याने सुमारे ३,००० किलोमीटर प्रवास केला असे सांगितले जाते, आणि या काळात त्याच्या स्थानाच्या ५,००० हून अधिक नोंदी मिळाल्या. म्हणजे एका नोंदीपासून दुसऱ्या नोंदीपर्यंत सरासरी सहाशे मीटरांचे अंतर पडले. सहाशे मीटरांपुढे पाचसहा मीटरांची त्रुटी नगण्य होय. अरण्यातील प्राण्याच्या पट्ट्यात विद्युत्घट पुन्हा भरता येत नाही, म्हणून नोंदी काटकसरीने, बऱ्याच अंतराने घ्याव्या लागतात. आणि ही काटकसरच नकळत मापनाचे रक्षण करते. संग्रहालयातील हत्तीची गोष्ट उलट आहे. तो रोज रखवालदाराच्या हाताशी असतो, पट्टा काढून घेता येतो, घट भरता येतो. साहजिकच दर पाच सेकंदांनी, दर सेकंदाला नोंद घ्यावी असा मोह होतो. जितक्या अधिक नोंदी तितके अधिक सूक्ष्म ज्ञान, असे आपल्याला वाटते. येथेच फसगत होते.

एक हत्तीण रात्रभर आणि दिवसभर एका जागी निश्चल उभी आहे, अशी कल्पना करू. हे केवळ उदाहरण आहे. खऱ्या हत्तिणीवर असा प्रसंग येऊ नये. तिच्या पायातील नोंदक दर पाच सेकंदांनी स्थान टिपतो, म्हणजे २४ तासांत १७,२८० वेळा. त्रुटीमुळे लागोपाठच्या दोन नोंदींत केवळ अर्धा मीटर फरक पडतो असे धरू. हे अर्ध्या अर्ध्या मीटरांचे तुकडे एकापुढे एक जोडून बेरीज केली, तर ८,६४० मीटर होतात. जी हत्तीण जागची हलली नाही ती साडेआठ किलोमीटरांहून अधिक चालली, असा निष्कर्ष कागदावर निघतो. आता दर मिनिटाला नोंद घेतली आणि लागोपाठच्या दोन नोंदींत दोन मीटरांचा फरक धरला, तर १,४४० तुकड्यांची बेरीज २,८८० मीटर होते. दर तासाला नोंद घेतली आणि फरक चार मीटरांचा धरला, तर शंभर मीटरही भरत नाहीत. हत्तीण तीच, यंत्र तेच. फक्त विचारण्याची वारंवारता बदलली.

अशा चुका एकमेकींना छेदून नाहीशा होतील, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. सरासरी काढताना तसे होतेही. स्थानाची सरासरी काढली तर आपली हत्तीण बरोबर जिथे आहे तिथेच सापडेल. परंतु अंतर ही बेरीज आहे आणि लांबीला ऋण चिन्ह नसते. डावीकडे झालेली अर्ध्या मीटरची चूक व उजवीकडे झालेली अर्ध्या मीटरची चूक मिळून शून्य होत नाहीत, एक मीटर होतात. चालणाऱ्या प्राण्यालाही हे लागू आहे. सरळ वाटेच्या आजूबाजूला पडलेले बिंदू जोडले म्हणजे नागमोडी रेघ तयार होते, आणि नागमोडी रेघ सरळ रेघेपेक्षा आखूड कधीच असत नाही. पीटर रानाखर व त्यांचे सहकारी यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात जी. पी. एस.वरून काढलेली अंतरे खऱ्यापेक्षा मोठी का निघतात, याची गणिती उपपत्ती दिली आहे. एक दिलासा त्यांतून मिळतो : लागोपाठच्या नोंदींतल्या चुका परस्परांपासून स्वतंत्र नसतात, त्या बऱ्याच अंशी एकाच दिशेने हळूहळू सरकतात; त्यामुळे प्रत्यक्षातील फुगवटा स्वतंत्र चुकांच्या हिशेबाने येईल त्याहून कमी असतो. तथापि तो असतोच.

मग नोंदी विरळ घ्याव्यात, हा उपाय सुचतो. पण त्यात विरुद्ध दोष आहे. दोन नोंदींच्या दरम्यान हत्ती पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन परत आला, तर आलेखात तो जागचा हललेलाच दिसत नाही. प्रत्येक वळण कापले जाते. समुद्रकिनारा जितक्या लहान पट्टीने मोजावा तितका लांब भरतो, या मांडेलब्रो यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या प्रश्नाचीच ही चालती आवृत्ती आहे. सूक्ष्म मापनात त्रुटीमुळे अंतर फुगते आणि स्थूल मापनात वळणे गळाल्याने ते आकसते. या दोहोंच्या मध्ये एखादा सोयीचा कालावधी सापडतो, परंतु तो प्राण्याप्रमाणे, आवाराप्रमाणे बदलतो. ज्या प्रबंधात अंतराचा आकडा दिला आहे पण नोंदींचा कालावधी दिलेला नाही, तो आकडा माझ्या मते वाचू नये. आपल्या शास्त्रातही स्वरांची कंपने किती मिलिसेकंदांच्या खिडकीतून मोजली हे न सांगता कोणी आकडे देऊ लागला, तर आपण त्याला थांबवतोच.

संग्रहालयाच्या आवारात त्रुटी वाढविणाऱ्या गोष्टी मुबलक असतात. खंदकाची सिमेंटची भिंत, कृत्रिम खडक, दाट झाडी यांवरून उपग्रहांचे संदेश परावर्तित होऊन उशिरा पोहोचतात आणि नोंदकाला उपग्रह आहे त्याहून दूर असल्याचे भासते. छपराखाली तर संदेश मिळतच नाही किंवा तुटकपणे मिळतो. म्हणजे रात्रीचे निवाऱ्यातले हिंडणे बहुधा नोंदीबाहेरच राहते. नोंदक कोठे बांधला यालाही महत्त्व आहे. गळ्यातील पट्ट्यावर, मानेच्या वरच्या बाजूस तो असेल तर आकाश मोकळे मिळते. पायात तोड्यासारखा अडकविला तर घालणे-काढणे सोपे, पण तीनचार टनांचे शरीर वर आडवे येते. शिवाय हत्तीची सोंड पायापर्यंत सहज पोहोचते, आणि जे सैल दिसेल ते सोडवून पाहणे हा तिचा स्वभाव. म्हणून आधी कित्येक दिवस रिकामा पट्टा घालून, खाऊचे बक्षीस देऊन हत्तीला त्याची सवय लावावी लागते.

या दोषांचे निवारण करण्याच्या रीती आहेत. सर्वांत साधी व माझ्या दृष्टीने सर्वांत प्रामाणिक रीत अशी की, एक नोंदक आवारातच एखाद्या खांबाला बांधून ठेवावयाचा आणि दिवसअखेर तो किती ‘चालला’ ते पाहावयाचे. खांब चालत नाही, तेव्हा जे काही भरेल ते सारे यंत्राचे. दुसरी रीत म्हणजे एका ठरावीक मर्यादेहून लहान असलेले सर्व तुकडे शून्य समजणे. हिचा धोका उघड आहे. हत्ती चरताना एकेक पाऊल पुढे टाकीत हळूहळू सरकतो. मर्यादा मोठी ठेवली तर हे खरे चालणेही पुसले जाते. तिसरी, एका माणसाने चाकाचे मोजमाप घेऊन हत्तीच्या वाटेने चालावे आणि दोन्ही आकडे ताडून पाहावेत. हे कंटाळवाणे काम आहे आणि म्हणूनच ते पुष्कळदा गाळले जाते.

एवढी सावधगिरी बाळगून आता प्रत्यक्ष संशोधनाकडे वळू. फ्लोरिडातील डिस्नेच्या प्राणिसंग्रहालयात, ‘अॅनिमल किंग्डम’मध्ये, कॅथरीन लेटी व सहकाऱ्यांनी सात प्रौढ आफ्रिकी हत्तिणींच्या गळपट्ट्यांत नोंदक बसवून केलेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. नऊ तासांच्या निरीक्षणकाळात त्यांचा सरासरी वेग ताशी ०.४०९ किलोमीटर भरला, म्हणजे नऊ तासांत ३.६८ किलोमीटर. सर्वांत मोठ्या गटातील हत्तिणी मोठ्या आवारात असताना अधिक चालत, असेही आढळले. त्यानंतर मॅथ्यू होल्डगेट व सहकाऱ्यांचा विस्तृत अभ्यास २०१६ मध्ये आला. उत्तर अमेरिकेतील ३० प्राणिसंग्रहालयांतील ५६ प्रौढ हत्तिणी, त्यांपैकी ३३ आफ्रिकी व २३ आशियाई, यांच्या पायांत तोड्यासारखे नोंदक घालून २५९ दिवसांच्या नोंदी त्यांनी गोळा केल्या. उघड्यावरील चालणे दिवसाला सरासरी ५.३ किलोमीटर भरले आणि दोन्ही जातींत लक्षणीय फरक आढळला नाही. वय वाढते तसे चालणे कमी होते, हे अपेक्षितच होते. अपेक्षित नव्हते ते पुढचे. ज्या हत्तिणींना खाणे अनियमित वेळी, अंदाज न येईल अशा रीतीने दिले जाई, त्या ठरावीक वेळी खाणाऱ्या हत्तिणींपेक्षा दिवसाला १.२९ किलोमीटर अधिक चालत. मोठे आवार हा चालणे वाढविण्याचा एकमेव मार्ग नव्हे, खाणे कसे द्यावे व सोबत कशी ठेवावी यांनीही ते वाढते, असा लेखकांचा निष्कर्ष आहे.

या दोन निबंधांतील आकड्यांना सारखे वजन देऊ नये. ५.३ किलोमीटर हा निरपेक्ष आकडा असून यंत्राचा, पट्ट्याच्या जागेचा, नोंदींच्या कालावधीचा जो काही पक्षपात असेल तो त्यात मुरलेला आहे. १.२९ किलोमीटर हा फरकाचा आकडा आहे. दोन्ही गटांवर एकाच तऱ्हेचे यंत्र एकाच रीतीने वापरले असल्यास, फुगवट्याचा बराच भाग वजाबाकीत गळून जातो. म्हणून दुसरा आकडा अधिक भरवशाचा. व्यवहारात मात्र वादात फेकला जातो तो पहिला, आणि तोही अरण्यातल्या अशा आकड्याशेजारी ठेवून, की जो निराळ्या पट्ट्याने, निराळ्या कालावधीने मिळविलेला असतो. तासाला एक नोंद घेऊन काढलेले अरण्यातले अंतर हे खऱ्या अंतराची खालची मर्यादा असते, तर सेकंदासेकंदाच्या नोंदींवरून काढलेले संग्रहालयातले अंतर खऱ्याहून अधिक असण्याचा संभव असतो. ही दोन शेजारी मांडून ‘पाहा, संग्रहालयातले हत्तीही जवळजवळ तेवढेच चालतात’ असे म्हणणे हा हत्तींवर अन्याय होय. त्यांच्या जागेचा प्रश्न त्यामुळे मिटल्यासारखा दिसतो.

चालणे अधिक म्हणजे प्राणी सुखी, हे समीकरणही तपासून घ्यावे. पिंजऱ्यातील अस्वल किंवा वाघ भिंतीलगत तीच ती येरझार घालताना आपण पाहिलेले असते. रॉस क्लब व जॉर्जिया मेसन यांनी २००३ मध्ये दाखवून दिले की, अरण्यात ज्या मांसाहारी प्राण्यांचा संचारप्रदेश विस्तीर्ण असतो, त्यांच्यात बंदिवासातील अशा येरझाऱ्यांचे प्रमाण अधिक असते. ध्रुवीय अस्वल हे त्यांचे ठळक उदाहरण. अशा अस्वलाच्या गळ्यात नोंदक बांधला तर किलोमीटरांचा आकडा डोळ्यांत भरण्याजोगा येईल. उलट हत्ती मानसिक ताणात असता जागच्या जागी डुलत राहतो, त्याची नोंद जी. पी. एस.मध्ये होतच नाही. आकड्यापेक्षा वाटेचा आकार पाहावा. तीच वाट, तीच वळणे, तेच परतण्याचे बिंदू पुन्हा पुन्हा उमटत असतील, तर बेरीज कितीही मोठी असो, तिचा अर्थ निराळा होतो.

आता आपल्या शास्त्राच्या जवळ येऊ. केटी पेन या १९८४ मध्ये ओरेगनमधील पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयात आशियाई हत्तींपाशी उभ्या असताना त्यांना हवेत ऐकू न येणारी, पण जाणवणारी धडधड भासली. पुढे ध्वनिमुद्रणाने सिद्ध झाले की, हत्ती १४ ते २४ हर्ट्झ इतक्या खालच्या, मानवी कानाच्या मर्यादेवरील वा तिच्याही खालील कंपनांचे हुंकार करतात. हा शोध १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. मात्र त्याने एक अडचण उभी केली. हा हुंकार करताना हत्ती सोंड उंचावीत नाही, पुष्कळदा तोंडही उघडीत नाही; तेव्हा कळपात बोलले कोण, हेच समजत नाही. डिस्नेच्या याच संग्रहालयात जोसेफ सॉल्टिस व सहकाऱ्यांनी प्रत्येक हत्तिणीच्या गळपट्ट्यात ध्वनिग्राहक बसवून हा प्रश्न सोडविला आणि २००५ मध्ये दाखविले की, हुंकार वाटेल तेव्हा होत नाहीत. जवळच्या सोबतिणीचा हुंकार झाल्यावर लगेच दुसरीचा हुंकार होण्याचा संभव वाढतो. संभाषणातील पाळीशी याचे साम्य कोणालाही दिसेल, जरी एवढ्यावरून त्याला संभाषण म्हणण्याची घाई करू नये. २००८ मध्ये लेटी, सॉल्टिस व इतरांनी ध्वनीच्या जोडीला स्थानाच्या नोंदी घेतल्या आणि हुंकारांमुळे सोबतिणींमधील अंतर बदलते, जिवलग सोबतिणी जवळ येतात, असे प्रतिपादन केले.

पहिल्या भागातील टीका या अभ्यासाला लागू पडते काय, असा प्रश्न विद्यार्थी विचारील व तो रास्त आहे. माझे उत्तर असे की, ती फार थोडी लागू पडते. दोन हत्तिणींमधील अंतर एका क्षणी एकदाच मोजले जाते, त्यात हजारो तुकड्यांची बेरीज नसते, त्यामुळे चुका साचत नाहीत. दुसरे असे की, एकाच आवारात एकाच क्षणी दोन्ही नोंदक बहुधा त्याच उपग्रहांचे संदेश घेत असतात आणि वातावरणातून येणारी त्रुटी दोघांनाही जवळपास सारखीच लागते. दोघींची स्थाने मिळून तीन मीटर उत्तरेकडे सरकली, तर त्यांच्यातील अंतर जसेच्या तसे राहते. भिंतींवरील परावर्तनाने येणारी त्रुटी मात्र प्रत्येकीची वेगळी असते, ती अशी वजा होत नाही. तरीही जे यंत्र चालण्याच्या बेरजेत लबाडी करते तेच यंत्र जवळीक मोजताना बऱ्यापैकी सत्य बोलते, हे खरे. आणि संग्रहालयांनी या यंत्रापासून आजवर किलोमीटरच अधिक मागावेत, जवळीक कमी मागावी, याचे मला नवल वाटते.

येथे वेळेबाबत एक व्यावहारिक सूचना करावीशी वाटते. ध्वनिमुद्रकाचे घड्याळ दिवसभरात पुढेमागे सरकते, उपग्रहांची वेळ सरकत नाही. म्हणून मुद्रणाच्या आरंभी व शेवटी दोन्ही घड्याळे जुळवून घ्यावीत. त्याहून फसवी गोष्ट अशी की, जी. पी. एस.ची स्वतःची कालगणना जागतिक प्रमाणवेळेच्या पुढे धावते. २०१७ च्या आरंभापासून हा फरक १८ सेकंदांचा आहे. काही यंत्रे एक वेळ लिहितात, काही दुसरी. एक नोंद एका वेळेत व दुसरी दुसऱ्या वेळेत असली, तर हाकेच्या आधीच उत्तर आले असा देखावा निर्माण होतो, आणि ज्या अभ्यासात सारा भर काही सेकंदांच्या आतल्या प्रतिसादावर आहे तो पुरता उलटा होतो.

शेवटी अलीकडच्या एका शोधाचा उल्लेख करतो. मायकेल पार्डो व सहकाऱ्यांनी केनियातील अंबोसेली व सांबुरू येथील ४६९ हुंकारांचे विश्लेषण २०२४ मध्ये प्रसिद्ध केले. हुंकार कोणत्या हत्तीला उद्देशून होता, हे संगणकाच्या साहाय्याने केवळ ध्वनीवरून २७.५ टक्के वेळा ओळखता आले, आणि हे प्रमाण योगायोगाने येईल त्याहून बरेच अधिक होते; तेव्हा हत्ती एकमेकांना नावासारख्या हाकांनी संबोधीत असावेत, असे त्यांचे म्हणणे आहे. नामाची व्याख्या शिकविणाऱ्यांना यापुढे या निबंधाची दखल घ्यावी लागेल. त्यात संबोध्य कोण हे निरीक्षकांनी प्रसंगावरून ठरविले होते : हाकेनंतर कोण पुढे आले, कोण कळपापासून दूर होते, इत्यादी. संग्रहालयात प्रत्येक हत्तिणीच्या गळ्यात ध्वनिग्राहक व नोंदक असल्यास हाच निर्णय स्थानाच्या नोंदींवरून, निरीक्षकाच्या डोळ्यांवर विसंबून न राहता करता येईल, आणि तसा प्रयत्न व्हावा. त्यात एक मर्यादा राहील. जिने हाक ऐकली, कान फडकाविले आणि जी जागीच उभी राहिली, तिचे उत्तर नोंदकात उमटत नाही. तिला हाक पोहोचलीच नाही की पोहोचूनही तिने हलण्याचे कारण पाहिले नाही, हे वेगळे करण्यासाठी पट्ट्यात कंपने टिपणारे दुसरे एक यंत्र आणि आवारावर एक चित्रक ठेवावा लागेल.